स्क्रीनचे फोटो, खालून वर

४ नोव्हेंबर, सोमवार

तीन बटणं एकदम दाबायची. कमांड, शिफ्ट आणि तीनचा आकडा. ठकीने शिकवलं, तिच्या पांढऱ्या लॅपटॉपवर. दाबलं की कॅमेऱ्यासारखा खटॅक आवाज होतो, समोर जे दिसतंय त्याचा फोटो निघतो आणि आपोआप स्क्रीनच्या उजव्या बाजूला जाऊन बसतो. याला स्क्रीनशॉट म्हणायचं. हवामानाच्या पानावर सराव केला. "जमलं की गं तुला," म्हणाली. किती दिवसांनी लेक एक आख्खं वाक्य बोलली माझ्याशी! नोकरी सोडून आल्यापासून हूं आणि उंहूं यावर घर चाललंय.

वकीलबाईंनी काल बजावून सांगितलं. बारा डिसेंबरला कंपनीची चौकशी समिती बसणार, तिच्यापुढे ठकीच्या साहेबाचे मेसेज ठेवायचे तर आत्ताच काढून ठेवा. ठकीला तिच्या ऑफिसच्या मेसेजच्या खात्यात अजून जाता येतं, पण तीस तारखेला ते बंद करणार असं कंपनीचं पत्र आलंय. मोबाइलने फोटो नकोत — अक्षरं हलतात, तारीख दिसत नाही, समोरचा वकील त्यावरच खुसपट काढतो. स्क्रीनशॉटच हवेत, आणि मधला एकही गाळायचा नाही. सगळे झाले की त्यांचा कारकून येऊन घेऊन जाईल.

"मेसेज असले की तिला फार बोलावं लागणार नाही. कागदच बोलतील," म्हणाल्या.

त्या एका वाक्यावर ठकी तयार झाली. तिची अट तीच आहे. पाच माणसांपुढे बसून सांगणार नाही. आणि ते खातंही परत उघडणार नाही.

मी म्हटलं, तू नको बघूस, पासवर्ड लिहून दे, मी काढते फोटो. सहज म्हणून गेले! जसा काही कोपऱ्यावरून किराणा आणायचा होता.


५ नोव्हेंबर, मंगळवार

घरात नको.

सकाळी स्वयंपाकघरात लॅपटॉप घेऊन बसले. ती तिच्या खोलीत, दार लावून. खातं उघडलं. ते उघडतं शेवटच्या मेसेजपाशी, मागचे बघायला वर वर सरकत जावं लागतं. शेवटचा मेसेज साहेबाचा. "जा, कर तक्रार. तुझ्यावर कोण विश्वास ठेवतो ते मलाही बघायचंय."

बटणं दाबली. खटॅक.

दार उघडून ती बाहेर आली. चेहरा पांढराफटक. म्हणाली, "प्रत्येक आवाजाला मला कळणार. आता आईने वाचलं. आता हा वाचला. आता तो वाचला." काढलेला फोटो पुसला, लॅपटॉप मिटला आणि घेऊन गेली.

(आवाज बंद करता येतो म्हणे. पण आता तिच्याकडे तो लॅपटॉप परत मागायची माझी हिंमत नाही.)


७ नोव्हेंबर, गुरुवार

दादाकडे गेले. त्याचा कॉम्प्युटर वेगळ्याच जातीचा. विंडोज नाही, ठकीसारखाही नाही, तिसरंच काहीतरी त्याने स्वतः टाकून घेतलंय. तिथे एकच बटण. पण दाबलं की चौकट उघडते आणि विचारते — नाव काय देऊ? कुठे ठेवू? मालकाचा गुण लागलाय मेल्याला, दोन प्रश्न विचारल्याशिवाय कुठलं काम करायचं नाही.

आता असल्या मेसेजला नाव काय देणार? 'एक', 'दोन' असं लिहीत गेले. थोडे झाले असतील नसतील, तोवर वहिनी चहा घेऊन आली आणि कप ठेवून मागेच उभी राहिली. माणूस चहा ठेवून जातो की नाही! मी स्क्रीन झाकायला गेले, तर तिने वाचायचं तेवढं वाचलं होतं.

"वन्सं, हिनेही उत्तरं दिलीयेत की. ओके सर, हो सर. टाळी एका हाताने वाजत नाही म्हणतात, ते काही उगाच नाही."

तिला काय सुनवायला हवं होतं ते सगळं मला बसथांब्यावर सुचलं. नेहमीसारखं.

निघताना दादा हळूच म्हणाला, "अगं, ते फोटो माझ्या मशीनवर नको ठेवूस. पोरं बसतात त्याच्यावर." पुसले. मीच पुसले, एकूण एक. मी कामाला जाते त्या दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवर पुन्हा पहिल्यापासून काढेन. तिथे दुपारी कोणी नसतं. तिथे कोणाची पोरं बसत नाहीत.


११ नोव्हेंबर, सोमवार

डॉक्टर जेवायला घरी गेले, शटर अर्धं खाली ओढलं. रोज मी ही वेळ डोळे मिटून काढते. डोळ्यांच्या दवाखान्यात तेवढी एकच माझ्या डोळ्यांची सोय. आज बसले. काचेपलीकडे फक्त चष्मेवाले, भिंगं घासत.

दवाखान्याचा कॉम्प्युटर म्हणजे जुनं धूड. डॉक्टरांचा हुकूम आहे, कधीही बंद करायचा नाही, एकदा झोपला की लवकर उठत नाही. माझ्या डोक्यात तीन बटणं, पण इथे कमांड लिहिलेलं बटणच नाही. शेवटी चष्मेवाल्यांना विचारलं. हात पुसत आले बिचारे.

"वर उजवीकडे बघा. प्रिंट स्क्रीन लिहिलंय ना? ते दाबलं की स्क्रीनचा फोटो निघतो. मग —"

मी म्हटलं, पुढचं येतं मला, मुलीने शिकवलंय. आणि पटकन आडवी झाले स्क्रीनच्या. ते खातं मागे उघडंच होतं. आणखी दोन डोळे नकोत मला यात. ते "बरं ताई" म्हणून गेले.

बटण दाबलं. काही नाही. आवाज नाही, प्रश्न नाही, चौकट नाही. पुन्हा दाबलं. गप्प! खरं सांगते, मला बरं वाटलं. एकाने बोंब मारली, दुसऱ्याने चौकश्या केल्या. हा निमूटपणे आत घेतो. कारकून येईल तेव्हा आतून काढून घेईल.

वाचायचं नाही, नुसतं बटण दाबायचं आणि वर सरकायचं, असं ठरवलं होतं. न वाचता कसं जमणार होतं, कोण जाणे.


१३ नोव्हेंबर, बुधवार

एक वाचला आणि शटर वर केलं. आज नाही.


१४ नोव्हेंबर, गुरुवार

त्याची भाषा शिवीगाळीची नाही. शिवी असती तर बरं झालं असतं, कोणालाही दाखवता आली असती. हा माणूस चिमटे काढतो. ती घरांचे नकाशे काढते, म्हणजे काढायची. तर — "हा जिना तू काढलायस की तुझ्या आईने?" "मीटिंगमध्ये तोंड उघडू नकोस, शोभत नाही तुला." मग अर्ध्या तासाने, "रागावलीस? रागावलीस की छान दिसतेस." मग उत्तर नाही दिलं म्हणून तिच्या हातातलं काम काढून दुसऱ्याला दिलं. सगळ्यांना दिसेल असं.

ती काय लिहिते? ओके सर. हो सर. सॉरी सर. वहिनीच्या टाळीचा दुसरा हात तो हा.

दाबलं, सरकले. दाबलं, सरकले.


१८ नोव्हेंबर, सोमवार

मी फार आजारी होते म्हणे!

"सर, आईला ताप आहे, आज वेळेवर निघू का?" "सर, आई बाथरूममध्ये घसरली, साइटवर येता येणार नाही." "सर, आईची शुगर वाढलीय." पुढे तर माझं डोळ्याचं ऑपरेशन झालंय, आणि ते बिघडलंयसुद्धा. मी डोळ्यांच्या दवाखान्यात बसून माझंच बिघडलेलं ऑपरेशन वाचत होते. हसूच फुटलं. चष्मेवाल्यांनी काचेतून पाहिलं.

मग एकेक दिवस आठवायला लागले. ती लवकर घरी यायची आणि मी दारातच म्हणायचे, "काय गं, आज काम नव्हतं वाटतं? अशाने बढती मिळते होय?" ती म्हणायची, नव्हतं काम. चपला काढायची, आत जायची.

तिला तिथून सुटायला दुसरं काही सुचलं नाही, आईच सुचली. आणि आई दारात उलटतपासणी घ्यायला उभी. हे असते तर त्यांना कळलं असतं का? नसतंच कळलं. त्यांना माझा पडलेला चेहरा कधी दिसला नाही.


२० नोव्हेंबर, बुधवार

एप्रिल.

"काल गाडीत जे झालं तो तुझा गैरसमज आहे. कोणाकडे बोलू नकोस. तुझंच नाव खराब होईल."

एवढंच आहे. गाडीत काय झालं ते नाही. त्याने लिहिलं नाही, तिनेही लिहिलं नाही. तिचं उत्तर, ओके सर.

त्या साहेबाचं वाटोळं होवो. हे मी कुठे बोलू शकत नाही म्हणून इथे लिहिते. वाटोळं होवो.


२१ नोव्हेंबर, गुरुवार

जेवताना ताटातून मान वर न करता विचारलं तिने. "कुठपर्यंत आलीस?"

"एप्रिलच्या आधी. मार्च संपत आला."

"म्हणजे ते झालं वाचून."

"हो."

तिने मान हलवली आणि भात कालवत राहिली. मला विचारायचं होतं, गाडीत काय झालं? तोंडापर्यंत आलं होतं. मी आमटी वाढली.


२५ नोव्हेंबर, सोमवार

मला वाटत होतं, वाईट मेसेज वाचणं कठीण. छे! ते राग आणतात, रागावर माणूस निभावून नेतो. आता वर सरकावं तसतशी ती हसरी होत चाललीय. उत्तरं लांब होतात. हसण्याच्या खुणा. "सर, मी दार भिंतीतच उघडणारं काढलं होतं, तुम्ही बघितलंत म्हणून बरं!" त्यानेही मोठ्या माणसासारखं लिहिलंय, चुका होतात, त्यातूनच शिकायचं.

जेवलीस का, असं त्याने पहिल्यांदा विचारलं तो मेसेज मी खूप वेळ बघत बसले. साधा प्रश्न. मीही तेच विचारते. तिने लिहिलंय, "हो सर, तुम्ही?" तिथे तिला हात धरून ओढून घ्यावंसं वाटलं. कुठून ओढणार!


२९ नोव्हेंबर, शुक्रवार

पोचले. सगळ्यात वर. याच्यावर आता काही सरकत नाही.

पहिला मेसेज तिचाच. "सर, आजचा पहिला दिवस खूप छान गेला. सगळं इतकं नीट समजावून सांगितलंत, मनापासून आभार. आईला आत्ताच फोन करून सांगितलं की आमचे साहेब फार चांगले आहेत, आता माझी काळजी करू नकोस."

तो फोन आठवतो मला. इथेच बसून घेतला होता. डॉक्टरांना सांगितलं, चष्मेवाल्यांना सांगितलं, घरी जाताना जिन्यात भेटेल त्याला सांगितलं. साहेब फार चांगले आहेत.

बटण दाबलं. संपलं. टेबलावर डोकं टेकून रडले थोडी, मग तोंड धुऊन शटर वर केलं. वकीलबाईंना फोन केला, त्या म्हणाल्या, शाब्बास, सोमवारी कारकून पाठवते.

ठकीला सांगितलं, झालं सगळं. "आता मला बोलावं लागणार नाही ना?" म्हणाली. मी म्हटलं, नाही. आज दोन पोळ्या जास्त खाल्ल्या तिने.


३० नोव्हेंबर, शनिवार

आज खातं बंद होईल. होऊ दे. जे हवं ते आपल्या हातात आहे.


२ डिसेंबर, सोमवार

काही नाही. हातात काही नाही.

कारकून आला दुपारी. सभ्य माणूस, टक्कल पडलेलं, पेन ड्राइव्ह शर्टाच्या खिशात. "कुठे ठेवलेत, ताई?"

"आत."

"आत म्हणजे कुठे?"

मला राग आला. आत म्हणजे आत. बटण दाबलं की जातात तिथे. त्याने सगळं धुंडाळलं. डॉक्टरांचे कागद निघाले, दोन वर्षांपूर्वीची चष्म्याची बिलं निघाली. मग त्याने हळू आवाजात विचारलं, "प्रत्येक फोटो चिकटवला कुठे होता?"

"चिकटवायचा?"

तोवर चष्मेवालेही आले होते. कारकुनाने समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. हा कॉम्प्युटर फोटो काढतो पण ठेवत नाही. नुसता हातात धरून उभा राहतो. आपण तो कुठेतरी चिकटवून जतन करायचा असतो, लगेच, प्रत्येक वेळी. नाही केला आणि पुढचा काढला, की हातातला टाकून देतो आणि नवीन धरतो.

"मी तेच सांगत होतो तेव्हा —" चष्मेवाले म्हणाले, आणि थांबले. त्यांचे उपकार.

"निदान शेवटचा असेल," कारकून म्हणाला. चित्रं काढायचं पान उघडलं, दोन बटणं दाबली. उमटला. एकच. साहेब फार चांगले आहेत.

खातं उघडून बघितलं. असं कोणतंही खातं नाही, म्हणून लिहून आलं.

मग डॉक्टर आले, पेशंट आले. मी लोकांच्या डोळ्यांत थेंब घालत बसले. एक आजी म्हणाल्या, "बाई, तुमचेच डोळे आधी दाखवा."


३ डिसेंबर, मंगळवार

वकीलबाई ओरडल्या नाहीत. ओरडायला हवं होतं. म्हणाल्या, कंपनीकडे मागू, पण ते म्हणणार, सोडून गेलेल्यांचे मेसेज आम्ही पुसतो, नियमच आहे. बारा तारखेच्या आत काही हाती लागेल असं धरू नका.

"आणि तो एक फोटो?"

"तो मुळीच दाखवू नका. तो त्यांच्या बाजूचा आहे."

ठकीला सांगितलं नाही.


५ डिसेंबर, गुरुवार

आजही नाही. आज तिने केस धुतले, खिडकीत बसून विंचरत होती. कोणत्या तोंडाने सांगू?

चष्मेवाल्यांना मी दोन मिनिटं बोलू दिलं असतं तर! कोणी बघू नये, कोणी बघू नये, याच धास्तीत सगळं घालवलं. माझ्या घरात नको, दादाच्या घरात नको. एक चूं न करणारं यंत्र मिळालं तर मी खूश झाले. थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. एकदा घेतलीसुद्धा.


८ डिसेंबर, रविवार

सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. पहिल्यापासून सांगितलं, चष्मेवाल्यांना अडवलं तेही. घड्या घालत राहिली.

"एकही नाही?"

"एक आहे."

छापून आणलेला कागद दिला. तिने वाचला. परत वाचला. मग हसली, ते हसणं मला पुन्हा ऐकायचं नाही. "हाच राहावा?"

मी म्हटलं, मी जाते समितीपुढे. मी सगळे वाचलेत. एकेक आठवतो मला. मी शपथेवर सांगेन.

"तू आई आहेस. तुझं कोण धरणार?" मग म्हणाली, "मी नाही जाणार बाराला."

कागद घेऊन आत गेली. कडी घातली.


१० डिसेंबर, मंगळवार

दादाचा फोन. वहिनीने सांगितलं असणार, वहिनीला कोणी सांगितलं देव जाणे. "आता सोड हे. झाकली मूठ सव्वा लाखाची. पोरीचं पुढे लग्नकार्य व्हायचंय."

मी म्हटलं, तुझी मूठ तूच झाक. फोन ठेवला. दादाचा फोन जन्मात पहिल्यांदा मी आधी ठेवला.


११ डिसेंबर, बुधवार

तिच्या दाराशी ताट ठेवलं. तसंच परत उचललं. वकीलबाईंना कळवलं, ती येणार नाही. त्या म्हणाल्या, मग प्रकरण मिटल्यात जमा.


१२ डिसेंबर, गुरुवार

सकाळी कपडे करून बाहेर आली. "चल." एवढंच.

मला आत येऊ दिलं नाही. दाराबाहेरच्या बाकावर बसवलं. दार नीट लागत नव्हतं. अध्यक्षबाईंनी विचारलं, लेखी काही आहे का? कागद उलगडल्याचा आवाज आला. वकीलबाई घाईघाईने म्हणाल्या, "तो नको." पलीकडच्या वकिलाने वाचून दाखवला, जरा चवीनेच. साहेब फार चांगले आहेत. कोणीतरी हसलं.

मग ठकीचा आवाज. "हा पहिला दिवस. इथून सुरू करते."

आणि बोलायला लागली. मध्येच थांबायची, पाणी प्यायची, परत बोलायची. मी बाकावर बसून सगळं ऐकलं. गाडीतलंसुद्धा.